गाव कुठलं?

(दृश्य: पहाटेचा फलाट. बाकाखाली पोत्यावर झोपलेला माणूस. चेहरा दिसत नाही.)

केसांच्या जटा, अंगावर एकावर एक चढवलेले सदरे, उशाला पिशव्यांचं गाठोडं. आपण मनात ‘वेडा’ म्हणतो आणि चार पावलं बाजूला सरकून लोकलची वाट बघतो.

कायदा त्याला भिकारी म्हणतो. मुंबई राज्याचा 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा हात पसरणाऱ्यावरच थांबत नाही. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर भटकतोय, एवढंही पुरतं. पैशासाठी गाणं, नाचणं, भविष्य सांगणंही त्यात आलं. शब्दाला धरून वाचलं तर आपला वासुदेवसुद्धा सुटायचा नाही! वॉरंटशिवाय अटक, आणि दोषी ठरला तर 1 ते 3 वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हा पुन्हा सापडला तर 10 वर्षांपर्यंत. मनाने आजारी माणूस तर पुन्हा सापडणारच. आजार तसाच ठेवून त्याला सोडलेलं असतं.

(दृश्य: मुंबईतला रस्ता, कडेने वाहणारं गटार.)

1988 च्या सुमाराची गोष्ट. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ, एका हॉटेलात बसले होते. समोर एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. दोघांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं. आजार निघाला स्किझोफ्रेनिया. गोळ्या लागू पडल्या, तो बोलायला लागला, तेव्हा कळलं की पोरगा पदवीधर आहे आणि घर आंध्रात आहे.

त्यातून ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ उभं राहिलं. 2006 पासून कर्जतला मोठं केंद्र आहे.

(दृश्य: नळाखाली धुतले जाणारे पाय.)

रस्त्यावरून आणलेल्या माणसाची आधी अंघोळ. केस उतरवायचे, जखमा धुवायच्या. मग जेवण, औषध, झोप. काही आठवड्यांनी एखाद्या दिवशी त्याच्या तोंडून एक नाव निघतं. नदीचं, बाजाराचं, शाळेचं. तेवढ्या धाग्यावरून जिल्हा शोधायचा. मग कार्यकर्ता त्याला घेऊन रेल्वेत बसतो. बंगाल, बिहार, तमिळनाडू, जिथलं असेल तिथे.

दारात काय होईल, सांगता येत नाही. कुणी तेरावं उरकून मोकळं झालेलं असतं. कुणाची बायको पांढरं कपाळ घेऊन जगत असते. आणि काही दारं उघडतच नाहीत, तेही खरं.

2018 च्या जुलैत डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. पंधरा दिवसांच्या आत दिल्ली उच्च न्यायालयाने त्या 1959 च्या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली, पण दिल्लीपुरतीच. त्याआधी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला होता. तो पोलिसांना सांगतो: अशा माणसाला कोठडीत टाकायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, हरवल्याची नोंद करायची, घरचे शोधायचे. म्हणजे कायदाही आता ‘गाव कुठलं?’ असं विचारायला लागलाय. ठाण्यातल्या हवालदाराला हे कुणी शिकवलंय का, हा भाग वेगळा.

(दृश्य: अंगणातली बाज. भोवती जमलेलं गाव.)

चहा होतो, रडणं होतं. गोळ्या बंद झाल्या तर हाच माणूस पुन्हा फलाटावर दिसेल, हे कार्यकर्त्याला ठाऊक असतं. म्हणून निघण्याआधी तो आईला जवळ बसवतो आणि पाकिटं बाजेवर मांडतो. ही सकाळची. ही रात्रीची, जेवणानंतर. मग परत पहिल्यापासून, तिच्याकडून म्हणवून घेत.