आवाज बंद केल्यावर

(दुसरीचा वर्ग. भिंतीवर टीव्ही. पावसाचं बालगीत सुरू.)

जिल्हा परिषदेच्या शाळेतला दुसरीचा वर्ग. टीव्हीवर गाणं लागलंय. खाली ओळी उमटतायत, आणि जो शब्द गायला जातो तो त्याच क्षणी रंग बदलतो. मुलं जोरात गातायत. अंगणवाडीपासून हे गाणं त्यांना तोंडपाठ आहे.

बाईंनी ते निवडलंय ते म्हणूनच. नुकतंच वाचायला लागलेलं मूल अक्षर जुळवता जुळवता शब्दच हरवून बसतं. शेवटच्या अक्षराशी पोचेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. पाठ असलेल्या गाण्यात मात्र शब्द आधीच ओठांवर असतो. डोळ्यांनी फक्त तो कुठल्या अक्षरांत बसलाय ते पाहायचं.

ही कल्पना शाळेत जन्मली नाही. १९९६ साली ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत होते. मित्रांबरोबर स्पॅनिश सिनेमा पाहताना त्यांना वाटलं, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच ओळी असत्या तर? आणि मग पुढचा विचार आला: आपल्याकडे गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी दिल्या तर लोकांचं वाचन सुधारेल का? अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी हे काम हाती घेतलं. १९९९ मध्ये दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजराती ओळी दिसू लागल्या, पुढे ‘चित्रहार’मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी. लोक गाणी ऐकायला बसत होते आणि नकळत वाचत होते.

(पडद्यावर एकच शब्द: भिजला.)

बाईंनी गाणं थांबवलंय. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून पडद्याशी जाते. शब्दावर बोट ठेवते आणि अडते. कारण तिच्या बोटाखाली आधी येते वेलांटी, मग भ. लिहिताना वेलांटी अक्षराच्या अलीकडे, म्हणताना मात्र ‘इ’ नंतर. मोठ्यांना यातली गंमत आठवतही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा खरोखरचा खड्डा असतो. बाई तो शब्द पुन्हा लावतात. ‘भिजला’ रंगतो. मुलगी हळूच म्हणते, “भि…” आणि बोट दोन्हींवर मिळून ठेवते.

आता खरी परीक्षा. बाई रिमोट उचलतात आणि आवाज बंद करतात.

ओळी चालूच आहेत, गाणारं कुणी नाही. वर्ग एकदम शांत होतो. मघाशी सगळ्यात मोठ्यानं गाणारा मुलगा गोंधळून शेजाऱ्याकडे पाहतो. त्याला गाणं येत होतं, वाचता येत नव्हतं. ते आवाज चालू असेपर्यंत कुणालाच कळलं नसतं. टीव्हीला तर नाहीच. म्हणून बाई पडद्याकडे पाहतच नाहीत, मुलांच्या डोळ्यांकडे पाहतात.

आता मूल वाचतं ते ऐकून चूक दाखवणारी ॲपही आली आहेत. गूगलचं ‘बोलो’ २०१९ मध्ये भारतात आलं, पुढे ‘रीड अलाँग’ झालं, त्यात मराठीही आली. घरी वाचून घ्यायला कुणी नसेल तर न कंटाळता ऐकणारा कान मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं, तर ती वाचनातली चूक नव्हे. अक्षर त्यानं ओळखलेलंच असतं, तोंडात घरची बोली असते. यंत्रापेक्षा हा फरक बाईंना नीट कळतो. अशा वेळी त्या टोकत नाहीत. आधी वाचू देतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

(पंखा थांबतो. टीव्ही बंद.)

वीज गेली. बाई फळ्यावर खडूनं तीच ओळ लिहितात. मघाचा तो मुलगा स्वतःहून उठतो. पहिल्या शब्दावर बोट ठेवतो. वेलांटीपाशी थांबतो. मागून कुणीतरी सांगायला तोंड उघडतं, बाई हातानंच गप्प करतात.

तो बोट हलवत नाही. ओठ हलतायत.

“भि… भिज…”