शटर एक, बटणं चार

नमस्कार श्रोतेहो. खिडकीच्या मोटरच्या शटरला दारापाशी एक आणि पलंगापाशी एक असे दोन स्विच हवेत, ही मागणी साधी वाटते. वायरमनही म्हणतो, "जिन्याच्या दिव्यासारखं करून टाकू." घोटाळा तिथंच होतो. दिव्याला फेज, म्हणजे मीटरकडून येणारी जिवंत वीज, कुठूनही आली तरी तो नुसता पेटतो. शटरच्या मोटरला मात्र फेजच्या दोन वायरी असतात, एक वर नेणारी, एक खाली आणणारी. दोन्हींवर एकदम फेज गेली की संपलं. लक्षात ठेवा, एका वेळी एकाच वायरीवर फेज.

आता तो बंगल्यातला किस्सा. दोन्हीकडे साधे स्विच, म्हणजे दाबले की तसेच राहणारे, आणि वायरी सरळ एकमेकींना जोडलेल्या. संध्याकाळी नातवानं दारापाशी 'खाली' दाबलं. शटर निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. पलंगावरच्या आजींना उकडायला लागलं. अंधारात चाचपून त्यांनी 'वर' दाबलं. काहीच हललं नाही, त्या झोपून गेल्या. रात्री दीडला लाईट आली. दोन्ही वायरींवर फेज! मोटरमधला कपॅसिटर या दोन वायरींच्या मधे असतो, फिरायची दिशा त्याच्यामुळे ठरते. त्याच्या दोन्ही टोकांना सारखीच फेज आली की त्याला कामच उरत नाही. मोटर फिरेना, नुसती घूं करत तापायला लागली.

मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, का पडला नाही? तो सहा अँपिअरचा, आणि दोनशे वॅटची मोटर अडकून बसली तरी तेवढा करंट ओढत नाही. चारेक मिनिटांनी मोटरमधला थर्मल कट, म्हणजे मोटर तापली की आपोआप वीज तोडणारा स्विच, सुटला, आवाज बंद. वीसेक मिनिटांत मोटर निवली, कट जुळला, पुन्हा घूं. आजींना वाटलं भुंगा शिरलाय. त्यांनी सुनेला उठवून झाडू मागवला. सकाळी शटरच्या पेटीतून वार्निश जळल्याचा वास. वायरमननं दोन्ही स्विच उघडून टेस्टर लावला. दोन्ही उत्तम! टेस्टरचा दिवा लागला म्हणजे निदान झालं, ही आपल्याकडची अंधश्रद्धाच आहे. टायलींवर लाखभर घालतील, पण घरात साधा मल्टिमीटर नसतो.

तर करायचं काय? दाबून धरलं तेवढाच वेळ चालणारं, टू-वे संपर्काचं बेलपुश घ्यायचं. दोन जागांना चार. प्रत्येकाला तीन टोकं: कॉमन, न दाबता जुळलेलं, आणि दाबल्यावर जुळणारं. फेज पहिल्याच्या कॉमनला. त्याचं न दाबता जुळलेलं टोक दुसऱ्याच्या कॉमनला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, तिसऱ्याचं चौथ्याच्या. चौथ्याचं तसलं टोक मोकळं. 'वर'च्या दोन बटणांची दाबल्यावर जुळणारी टोकं एकत्र करून मोटरच्या 'वर'ला, 'खाली'ची एकत्र करून 'खाली'ला. दाबलेल्यांपैकी साखळीत जे बटण आधी, तिथंच फेज थांबते, पुढच्यांना मिळतच नाही. दोन बोर्डांमध्ये दीड स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी पुरतात. न्यूट्रल आणि अर्थिंग स्विचला न शिवता थेट मोटरला.

मोटरच्या केबलीत निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, तपकिरी आणि काळी या दोन दिशा, हा नेहमीचा रंगक्रम. तरी सोबतचा कागद बघाच. आपल्या घरात काळी म्हणजे न्यूट्रल. मोटरची काळी तिथं जोडू नका.

दोन शटरं एकाच बटणावर हवी असतील तर प्रत्येक मोटरला वेगळा रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर विजेनंच चालणारा स्विच. चालत्या मोटरच्या रिकाम्या वायरीवरसुद्धा 230 व्होल्टपेक्षा जास्त दाब येतो, आणि तो दुसऱ्या मोटरीत शिरला की ते शटर तळाला जाऊन थरथरत राहतं.

मोटर जोडण्याआधी तिच्या दोन दिशांच्या जागी दोन बल्ब लावा. चारही बटणं जोड्याजोड्यांनी एकदम दाबून बघा. दोन्ही बल्ब एकदम लागले तर मेन बंद करा आणि साखळी पहिल्या बटणापासून पुन्हा तपासा.