पाहायचा देश आणि राहायचा देश

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशात कायमचे राहायला मिळणार असेल तर तुम्ही कोणता देश निवडाल, हा प्रश्न कुणालाही विचारून पाहा. उत्तर बहुधा क्षणात येते, आणि ते इतक्या झटकन येते म्हणूनच त्याविषयी थोडी शंका घ्यावीशी वाटते. कुणी स्वित्झर्लंड म्हणतो, कारण आल्प्सची हिमशिखरे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. कुणी जपान म्हणतो, कारण तिथल्या आगगाड्यांच्या वक्तशीरपणाची ख्याती त्याच्या कानावर आलेली असते. कुणाला न्यूझीलंडची हिरवी कुरणे आठवतात. ही सारी उत्तरे पाहण्याची आहेत. पाहणे आणि राहणे या शब्दांत एका अक्षराचाच फरक असला, तरी पाहुण्याला घराची दर्शनी खोली पुरते आणि राहणाऱ्याला त्याच घराचा परस आणि माळाही रोज वापरावा लागतो. घराचा भाडेकरार, दातांचा डॉक्टर, कराचे विवरणपत्र आणि कसलेही निमित्त नसलेला एखादा ढगाळ दिवस यांची छायाचित्रे कुणी काढत नाही. मात्र आयुष्य बहुतांशी त्यांतच जाते.

अशा वेळी पुष्कळजण क्रमवारीचा आधार घेतात. जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी फिनलंडचा पहिला क्रमांक लागला. या अहवालामागचा मुख्य प्रश्न फार साधा आहे: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची एक शिडी मनात आणा, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकणारे उत्तमातले उत्तम आयुष्य असे समजा, आणि आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते सांगा. या प्रश्नातून मोजले जाते ते समाधान. हसणे-खिदळणे त्यात येत नाही, आणि त्यामुळे अबोल समजल्या जाणाऱ्या फिनिश माणसांचा पहिला क्रमांक अनेकांना वाटतो तितका चमत्कारिक नाही. हे समाधान तिथे जन्मलेल्यांचेच असणार, असा आक्षेप मीही घेतला असता. पण २०१८ च्या अहवालात स्थलांतरितांची उत्तरे वेगळी तपासली होती आणि त्या यादीतही फिनलंडच पहिला आला होता. आक्षेप मागे घेतला पाहिजे.

दुसरी प्रसिद्ध यादी ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ची, राहण्यायोग्य शहरांची. तीत व्हिएन्ना अनेक वर्षे अग्रस्थानी होते आणि २०२५ मध्ये ते स्थान कोपनहेगनने घेतले. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी यांवर शहरांना गुण मिळतात. या यादीचा एक मूळ उपयोग फारसा कुणी सांगत नाही. परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला त्या शहरातील गैरसोयींपोटी किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे, म्हणून ती वापरली जाते, आणि राहणीचा खर्च तिच्या गुणांत धरलेला नसतो. ज्याचे घरभाडे दुसरा कुणी भरणार आहे त्याच्यासाठी ही यादी उत्तम आहे. व्हिएन्नामध्ये सुमारे निम्मे नागरिक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत माफक भाड्याने राहतात, ही त्या शहराची खरी कमाई. परंतु पालिकेच्या घरासाठी रांगेत उभे राहायचे असेल तर आधी त्या शहरात काही काळ राहिल्याचे सिद्ध करावे लागते, आणि तोपर्यंतचे भाडे नवख्याला बाजारभावानेच मोजावे लागते.

आता ज्या गोष्टीकडे निवड करताना फार थोड्यांचे लक्ष जाते तिच्याकडे वळू. उत्तरेकडील देशांचा विचार करताना माणसे थंडीला घाबरतात आणि अंधार विसरतात. थंडीवर कपड्यांचा, जाड भिंतींचा आणि घर ऊबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचा उपाय चालतो. अंधारावर दिवा लावला तरी तो दिवस होत नाही. हेलसिंकीत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सहा तासांहूनही कमी वेळ क्षितिजावर असतो, आणि नॉर्वेतील ट्रोम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. हीच गावे जूनमध्ये रात्रभर उजळलेली असतात आणि प्रवासी नेमके तेव्हाच जातात. म्हणून ज्याला अशा देशात राहायचे आहे त्याने आधी तिथे जानेवारीत महिनाभर राहून यावे. जूनमधला मुक्काम त्या देशाची जाहिरात असतो, परीक्षा नव्हे.

नॉर्वेच्याच अमलाखाली स्वालबार नावाचा द्वीपसमूह आहे, आणि आपल्या विषयासाठी त्याच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. १९२० च्या एका करारामुळे तिथे राहायला आणि काम करायला कोणत्याही देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही. जगाच्या पाठीवर इतके उघडे दार क्वचितच सापडेल. प्रमुख वस्ती लाँगयिअरब्येन. अक्षांश ७८ उत्तर. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्याला परततो, आणि वस्तीबाहेर पडताना अस्वलांना पळवून लावण्याचे साधन जवळ बाळगावे लागते. पण अस्वलांपेक्षा विचार करायला लावणारी बाब निराळी आहे. ज्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही त्याला तिथला प्रशासक परत पाठवू शकतो. वृद्धांच्या देखभालीची व्यवस्था तिथे नाही. गरोदर स्त्रिया प्रसूतीपूर्वी मुख्य भूमीवर जातात. शिवाय २०२२ पासून असा नियम आहे की, ज्या परदेशी रहिवाशाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षे काढलेली नाहीत त्याला तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत देता येत नाही. म्हणजे येण्याला अडकाव नाही, आणि आल्यानंतर आपले म्हणायला कुणी बांधलेले नाही.

या उदाहरणाने माझा मूळ प्रश्नच बदलला. कोणता देश चांगला, हे विचारण्याआधी त्या देशात आपण कोण असू, हे विचारले पाहिजे, असे मला वाटू लागले.

कतार आणि संयुक्त अरब अमिराती या देशांत दर दहा रहिवाशांपैकी आठांहून अधिक परदेशी आहेत. तिथे कमाई आहे, सोयी आहेत, पण मुक्कामाचा परवाना सामान्यतः नोकरीशी किंवा गुंतवणुकीशी जोडलेला असतो आणि आयुष्याची उमेदीची वर्षे तिथे घालवूनही बहुतेकांना निवृत्तीनंतर सामान बांधावे लागते. ठरावीक वर्षांसाठी जाणाऱ्याने यात तक्रार करण्यासारखे काही नाही, कारण सौदा पहिल्याच दिवशी स्पष्ट असतो. स्वित्झर्लंडची रीत याच्या उलट: तिथे नागरिकत्व मिळते, पण साधारणतः दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर, आणि तेही गाव, प्रांत व संघराज्य या तिघांच्या संमतीने. जिथे आपल्याला रोज ‘सुप्रभात’ म्हणणाऱ्या गावानेच आपली पारख करायची असते, तिथे शेजाऱ्यांशी सलोखा ठेवणे ही केवळ सभ्यता राहत नाही. न्यूझीलंडने मात्र १९७५ पासून वेगळी वाट धरली आहे: कायम वास्तव्याचा परवाना असलेला परदेशी माणूस तिथे किमान एक वर्ष राहिला की त्याला थेट संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. इतका विश्वास टाकणारे देश फार थोडे आहेत, आणि बराच काळ माझे मत न्यूझीलंडलाच होते. आडवे आले ते अंतर. आई किंवा वडील आजारी असल्याचा निरोप रात्री आला, तर तिथून जगाच्या बहुतेक भागांत पोहोचायला दिवस उलटतो. विमानाचे तिकीट परवडणे आणि वेळेवर पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भाषेविषयी थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण परक्या देशातले एकटेपण बहुधा तिच्यातूनच उगवते. जपानी भाषा शिकणाऱ्याला प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या दोन लिप्या आणि शासनाने नित्य वापरासाठी ठरवलेली २,१३६ कांजी चिन्हे यांना सामोरे जावे लागते. मराठी माणसाला यात एक छोटी सवलत आहे: जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते, आणि नामाला विभक्ती लावावी तसे लहान शब्द त्याच्या मागे लागतात. खरी कसोटी आदराच्या व्यवहारात लागते. आपण ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ एवढ्यावर भागवतो; तिथे खाण्यासाठी एरवी ‘ताबेरू’ हे क्रियापद चालते, पण नम्रपणे स्वतःविषयी बोलताना ‘इतादाकू’ आणि मान्यवराविषयी बोलताना ‘मेशिआगारू’ असे क्रियापदच बदलते. चूक झाली तर कुणी रागावत नाही. परदेशी म्हणून ती चूक माफ होते, आणि ती माफी मिळत राहते तोपर्यंत आपण पाहुणेच असतो. जपानमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तरी मताधिकार मिळत नाही, आणि नागरिकत्व घ्यायचे तर तत्त्वतः आधीचे सोडावे लागते. तो देश मला अतिशय प्रिय आहे. तिथे मी वर्षभर आनंदाने राहीन. जन्मभर अदबीने वागत राहण्याइतका दम माझ्यात नाही.

नेदरलँड्समध्ये अडचण नेमकी उलटी आहे. तिथे बहुतेकांना उत्तम इंग्रजी येते, त्यामुळे नवखा माणूस अडखळत डच बोलू लागला की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि त्याचे शिकणे तिथेच खुंटते. अशी दहा वर्षे सहज निघून जातात. कामे सगळी होतात, पण शेजारच्या टेबलावरचा विनोद कळत नाही. भाषा कठीण असण्यापेक्षा तिची गरज न पडणे हा अधिक लबाड अडसर आहे, असे माझे मत आहे.

तरीही माझी निवड नेदरलँड्सच आहे, आणि तिचे कारण तिथल्या फुलांत किंवा कालव्यांच्या शोभेत नाही. त्या देशाची सुमारे २६ टक्के भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री वादळाने बंधारे फोडले आणि १,८३६ माणसे मेली. त्यानंतर अनेक दशके खपून जी संरक्षक बांधकामे झाली, त्यांतला रॉटरडॅमजवळचा, प्रत्येकी २१० मीटर लांबीच्या दोन दरवाजांचा अडसर १९९७ मध्ये पुरा झाला. ही अभियांत्रिकी थक्क करणारी आहे खरी, पण मला तिच्याहून जुनी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तेराव्या शतकापासून त्या देशात ‘वाटरस्खाप’ नावाची पाणी-मंडळे आहेत. आज ती २१ आहेत; बंधारे राखणे, पाण्याची पातळी सांभाळणे आणि सांडपाणी शुद्ध करणे ही त्यांची कामे, आणि त्यासाठी ती रहिवाशांकडून स्वतंत्र कर घेतात. बंधारा फुटला तर पाणी कुणाचे पारपत्र तपासून घरात शिरत नाही, आणि कराचे पत्रकही परदेशी रहिवाशाच्या नावाने तितक्याच तत्परतेने येते.

या निवडीतले उणे मी झाकणार नाही. वारा आणि पाऊस तिथे वर्षभर पाठ सोडत नाहीत, डिसेंबरचा दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो, भूमी इतकी सपाट की डोंगरावर जीव असणाऱ्याने तिथे जाऊच नये, आणि घरांची टंचाई अशी की नोकरी मिळालेली माणसेही महिनोन्महिने घर शोधत असतात. नागरिकत्व घेताना, काही अपवाद वगळता, आधीचे नागरिकत्व सोडावे लागते, आणि ती पायरी मी चढेन की नाही हे मला आज सांगता येणार नाही. मात्र कायदेशीर वास्तव्याची पाच वर्षे झाली की परदेशी माणसालाही पालिकेच्या निवडणुकीत मत देता येते, आणि पाणी-मंडळाच्या निवडणुकीत तर वैध परवान्यावर तिथे राहणाऱ्या प्रौढ माणसाला नागरिकत्वाशिवाय मताधिकार आहे. ही निवडणूक दर चार वर्षांनी प्रांतिक सभेच्या निवडणुकीबरोबर एकाच दिवशी होते. त्या दिवशी मतदान केंद्रात डच नागरिकाच्या हाती दोन मतपत्रिका पडतात आणि परदेशी रहिवाशाच्या हाती एकच, पाण्याची.