राब, डहाळा आणि सायटोकाइन

(बेळगावातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसातून छत्र्या सांभाळत आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘सायटोकाइन आणि आपले आजार’. जिना चढताना एका काकांनी विचारलं, “डॉक्टर, हे सायटोकाइन म्हणजे कोरोनातलं ते वादळच ना?” हो काका, तेच. पण ते आजारापुरतं येत नाही. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ते प्रथिनांचे निरोप. बाराही महिने ते आपल्या अंगात असतं, आणि नसतं तर पायात साधा काटा मोडून माणूस गेला असता.

आधी एका शब्दाबद्दल बोलते. मी इथे सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करते. ओपीडीत पहिला पेशंट मराठी, दुसरा कन्नड, तिसरा एकाच वाक्यात दोन्ही. इंग्रजीत ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात त्याला आपण पुस्तकात दाह म्हणतो. पण पेशंटला ‘दाह’ म्हटलं की त्याचा हात पोटावर जातो, त्याला ॲसिडिटी वाटते. ‘सूज’ म्हटलं की तो पाय पुढे करतो. कन्नडमध्ये मात्र शब्द आहे ‘उरियूत’. उरी म्हणजे आग, जळजळ, आणि ऊत म्हणजे सूज. दोन्ही एकाच शब्दात! सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी याच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्यातल्या दोन आपल्या शेजाऱ्यांनी एका शब्दात बसवल्या. मला तो शब्द मनापासून आवडतो आणि मराठीने तो खुशाल घ्यावा असं मला वाटतं. (हशा) हसू नका.

दुसरा शब्द मात्र मला सलतो. प्रतिकारशक्ती. प्रतिकार ठीक आहे, ‘शक्ती’ने घोटाळा केलाय. शक्ती म्हटली की ती वाढवायची असते. मग काढे, चूर्णं, ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या. गेल्या काही वर्षांत एकही आठवडा असा गेला नाही की कुणी मला विचारलं नाही, “इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?” आणि माझ्यासमोर बसलेल्या निम्म्या माणसांचा आजार हाच असतो की त्यांच्या शरीरातला प्रतिकार सुरू झालाय आणि थांबत नाहीये. त्यांना वाढवायचं काहीच नाही. आज मला एवढंच सांगायचंय. पण त्यासाठी एका मावशींची गोष्ट सांगावी लागेल, ती थोडी लांब आहे.

जांबोटीच्या अंगाला राहणाऱ्या या मावशी. पंचेचाळिशीच्या. त्यांच्या दुखण्याची सुरुवात कशी झाली ते मला नंतर कळलं. पहाटे उठलं की हाताची बोटं आखडलेली. बांगड्या मनगटावर रुतायच्या. नाचण्याचं पीठ मळता येईना, भाकरी थापता येईना. “दोन तास उन्हात हात धरून बसावं, तवा बोटं सुटत्यात.” दुपारी त्याच मावशी विळा घेऊन गवत कापायला जायच्या, म्हणून घरातल्यांना वाटायचं, सकाळच्या कामाचा आळस. सासू तसं बोलूनही दाखवायची.

हा आळस नव्हता. मावशींना संधिवात होता, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. संधिवाताच्या या प्रकारात इंटरल्यूकिन-६ नावाचं सायटोकाइन रक्तात पहाटेच सगळ्यात जास्त असतं. रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे आपलं घरचं स्टिरॉइड, खाली गेलेलं असतं. पहाटेपासून ते चढायला लागतं आणि दाह शमवायला लागतं. म्हणून सकाळी लाकूड आणि दुपारी विळा. सकाळी तासाच्या वर बोटं आखडत असतील तर ते नुसतं वय नव्हे, एवढं आज घरी घेऊन जा.

दीड वर्ष असं गेलं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण हिमोग्लोबिन काही हलेना. त्यालाही कारण तेच. इंटरल्यूकिन-६ यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतं, आणि हेप्सिडिन लोहाच्या कोठाराला कुलूप घालतं. पोटातून लोह नीट येत नाही, साठ्यातलंही बाहेर पडत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही सोय. इथे जंतूच नव्हता, कुलूप मात्र पडलं होतं.

मग मोटारसायकलवरून एक माणूस यायला लागला. झाडपाल्याची पुडी. वर्तमानपत्राच्या कागदात करडी पूड, नाव नाही, गाव नाही. मावशींनी घेतली आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापली. तुम्हीच सांगा, दीड वर्षानंतर ज्या बाईला भाकरी थापता आली तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की पुडी वाईट? तिच्या दृष्टीने तो देवमाणूस होता. भूकही लागायला लागली, गाल भरले. बायका म्हणायला लागल्या, तब्येत सुधारली.

दोन पावसाळे पुडी चालली. तिसऱ्या पावसाळ्यात रस्ता खचला आणि तो माणूस आलाच नाही. आठव्या दिवशी मावशींना उलट्या, चक्कर. एका ठिकाणी जुलाब-उलट्या समजून सलाईन लावून घरी पाठवलं. काय खाता, काय घेता, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या रात्री जीपच्या मागच्या बाकावर निजवून त्यांना माझ्याकडे आणलं. रक्तदाब वरचा सत्तर. दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि सोडला, तर खाली जांभळा डाग उमटला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, आणि हातपाय काटकीसारखे. हे चित्र बघितलं की प्रयोगशाळेची वाट बघावी लागत नाही. मी सुनेला म्हटलं, “पिशवी उलटी कर.” गोळ्यांच्या पाकिटांतून कागदाच्या चार रिकाम्या घड्या पडल्या.

त्या पुडीत स्टिरॉइड होतं. बाहेरून रोज मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, आणि एक दिवस बाहेरचंही बंद झालं की उभं राहायला काही उरत नाही. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉइडच, दिलं. पहाटे मावशींनी चहा मागितला. मी त्या रात्री घरी गेले नाही. आनंद होता आणि रागही होता. तो राग अजून गेलेला नाही. पुडी विकणाऱ्याला त्यातलं औषध काय करतं हे पक्कं माहीत असतं. त्याशिवाय तीन दिवसांत गुण येईल अशी पूड कुणाला करता येत नाही.

आता मी स्टिरॉइडची बदनामी करत्येय असं समजू नका. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड, दिवसाला सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. शेवटचं वाक्य आपण वाचलंच नाही. २०२१ च्या लाटेत पहिल्या तापाला लोकांनी त्याच गोळ्या घेतल्या. त्यानंतर काळी बुरशी आली, मधुमेह आणि बेसुमार स्टिरॉइड असलेल्यांना तिने गाठलं. तुमच्यातल्या काहींच्या घरातलं माणूस गेलंय, मला माहीत आहे.

गोळी एकच, मग एकाला तारते आणि दुसऱ्याला मारते, असं का? इथे मला माझं आजोळ आठवतं. चंदगडच्या बाजूला, घाटाच्या अंगाला. मे महिन्यात भाताच्या तरव्यासाठी राब भाजायचे. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वाळलेल्या डहाळ्या, वर मातीचा थर. आजोबा वारा पडायची वाट बघत. पेटवायचे ते, पण त्याआधी चार कोपऱ्यांवर चार माणसं हिरवा डहाळा हातात घेऊन उभी करायचे. जाळ बांधाकडे सरकला की डहाळ्याने झोडपायचा. मी लहान होते, मला काडी ओढायची होती. आजोबा म्हणाले, “काडी कुणीबी ओढतंय गे. तू डहाळा धर.” राब भाजल्याशिवाय रोप जोमदार येत नाही, तण मरत नाही. पण चार डहाळे नसले तर बांधापलीकडची काजूची बाग गेलीच.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले प्रथिनांचे निरोप. काही काडी ओढतात, काही डहाळा धरतात. स्टिरॉइड म्हणजे सगळ्या शेतावर ओतलेलं पाणी. बाग पेटली असेल तर ओतावंच लागतं. राब नुकता धरत असताना ओतलं तर तणही राहतं आणि रोपही कुजतं.

(आयोजकांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं? बरं. मूळ विषय आता सुरू होतोय, तेव्हा मी भरभर जाते.

पायात काटा मोडला. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. जंतू ओळखला की त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही सायटोकाइनं सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटून बाहेर पडतात. सेल्ससच्या चारही खुणा एवढ्यातच आल्या. निरोप मोठा झाला की मेंदूपर्यंत जातो, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकतो. म्हणून ताप चढताना थंडी वाजते. पॅरासिटामॉल तिथे काम करतं, जंतूवर नव्हे. इंटरल्यूकिन-६ यकृतात गेलं की सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. रिपोर्टवरचं सीआरपी म्हणजे कुठेतरी जाळ आहे एवढंच, कुठे आहे ते नाही.

विषाणू आला तर इंटरफेरॉन. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी ते १९५७ मध्ये ओळखलं, आणि त्याच वर्षी आपल्या कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला. तोच माकडताप पुढे शेजारच्या सत्तरीत आणि दोडामार्गात आला. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते, आणि त्या विषाणूला दार लावून घेतात.

डहाळा धरणारे मुख्यतः इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा. ते कमी पडले की आतडं, सांधे, कातडी जळत राहते. ते वेळेआधी जास्त झाले की जंतूचं फावतं. कुष्ठरोगात हे स्पष्ट दिसतं. जंतू एकच. एका माणसात इंटरफेरॉन-गॅमा जोरात, तिथे दोनचार चट्टे आणि जंतू जवळजवळ नाहीत. दुसऱ्यात इंटरल्यूकिन-४ आणि १० जोरात, तिथे अंगभर गाठी आणि अगणित जंतू. आजाराचं रूप निरोपांनी ठरवलं.

टीएनएफला दोन नावं होती. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाठीतल्या पेशी मारणारा घटक म्हणून ते नाव मिळालं. दुसरीकडे आजारात अंग वाळवणारा घटक शोधत बॉयटलर आणि सेरामी त्याच रेणूपाशी पोचले, त्यांनी त्याला कॅशेक्टिन म्हटलं होतं. आपण टीबीला क्षय म्हणतो, म्हणजे झिजणं. झिजवणारा निरोप तोच! पण टीबीच्या जंतूंभोवती भिंत बांधून ठेवणाराही तोच. लंडनमध्ये फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले मैनी यांनी १९९२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध दिलं आणि सुजलेले सांधे उतरले. पुढे हजारो लोकांनी ते घेतलं तेव्हा काहींची दबलेली टीबी उसळली. भिंत पडली होती. म्हणून आपल्याकडे ही इंजेक्शनं देण्याआधी टीबीची तपासणी करतात. ती टाळा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका.

ओसाकात किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ चं जनुक वेगळं केलं, आणि त्याचा निरोप अडवणारं औषध म्हणजे टोसिलिझुमॅब, कोरोनात तुम्ही नाव ऐकलंत ते. तेही पाणी सगळीकडे ओतत नाही, एकाच कोपऱ्याला जातं. तरी वेळ तीच बघावी लागते.

हळदीबद्दल कुणीतरी विचारणार आहे, म्हणून आधीच सांगते. काचेच्या भांड्यातल्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन हे निरोप कमी करतं. पण पोटातून ते रक्तात फार कमी उतरतं. दूध-हळद जरूर प्या, पण मावशींची बोटं त्याने सुटली नसती.

मावशींची बोटं सुटली ती मेथोट्रेक्सेटने. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून त्यांनी बाजाराचा दिवस ठरवलाय, बाजाराच्या पिशवीला लाल दोरा बांधलाय. स्टिरॉइड आम्ही सहा-सात महिन्यांत थोडंथोडं उतरवलं. मागच्या वेळी आल्या तेव्हा नाचण्याच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या, थापून.

तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर रागावून फेकून देऊ नका, आणि एकदम बंदही करू नका. कागदासकट पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यांनी विचारलं नाही तरी ठेवा.