पिवळा दिवा लागला, आता हवा बघा

(पहाट. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी. काचेवर दव.)

चावी फिरली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागले आणि एकेक करून विझले. एक मात्र राहिला. घोड्याच्या नालेसारखा पिवळा आकार, मधोमध उद्गारचिन्ह. हा टायरचा छेद आहे, उभा कापल्यावर दिसतो तसा.

आता मिनिट-दीड मिनिट थांबा आणि या दिव्याकडेच बघा. तो पहिल्यापासून स्थिर असेल, तर कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. आधी लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा अर्थ वेगळा असतो: हवा मोजणारी यंत्रणाच बिघडली आहे. हा फरक ठाऊक नसला की माणसं धडधाकट चाकात पुन्हा पुन्हा हवा भरत बसतात. त्याहून वाईट म्हणजे, ‘सेन्सरच गेला असेल’ असं समजून हवा उतरलेल्या चाकावर गाडी पळवतात.

(चाकाचा जवळून कॅमेरा. व्हॉल्व्हवर गेज लावणारा हात.)

दिवा कसाही लागो, पहिला मान गेजचा, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या मापकाचा. गाडी निदान तीन तास उभी असावी, टायर थंड असावा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा वाचा आणि चारही चाकं त्याच्याशी ताडून बघा. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा घेऊ नका. ती टायरची कमाल मर्यादा असते.

समजा, चौकटीवर 33 पीएसआय लिहिलंय. पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण 1 पीएसआयने उतरतो. दुपारच्या उन्हात मोजलेले 33 पहाटेच्या गारठ्यात 30 वर येऊ शकतात. म्हणून आधीच हवा कमी असलेल्या गाड्यांत थंडीच्या पहिल्या आठवड्यात हे दिवे लागतात, आणि थोडं अंतर चाललं, टायर तापला की आपोआप विझतात. विझला म्हणून विसरू नका. हवा कमी आहे ती आहेच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटल्या, माणसं दगावली. त्यानंतर 2000 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमाची रेषा आहे 25 टक्के घट. म्हणजे 33 चे जेमतेम 25 होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. तोवर टायरच्या कडा झिजत असतात, आतला थर तापत असतो. दिव्याच्या भरवशावर गेज घरी ठेवू नका.

हवा बरोबर आहे आणि दिवा लुकलुकतोय? मग सेन्सरकडे वळा. तो रिमच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी असतो. त्याची बॅटरी सीलबंद असते, पाच ते दहा वर्षं चालते आणि बदलता येत नाही. अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. चारही एकाच वयाचे असतील, तर एक गेल्यावर बाकीच्यांचीही वेळ जवळ आली समजा. पंक्चरसाठी आत ओतलेलं सीलंटही त्याचं छिद्र बुजवू शकतं. नवा सेन्सर बसवला की तो गाडीला ओळखायला शिकवावा लागतो.

काही गाड्यांच्या चाकात सेन्सरच नसतो. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, त्यामुळे जास्त वेगाने फिरतं. एबीएसला, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, तो फरक कळतो. मात्र चारही चाकं सारखीच उतरली, तर तो फसू शकतो. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. आधी हवा, मग रीसेट. उलट केलंत, तर कमी हवेलाच गाडी बरोबर समजू लागते.

(व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी. बारीक बुडबुडा फुगतो.)

तेच चाक आठवड्याला उतरत असेल, तर साबणाचं पाणी लावा: व्हॉल्व्हच्या तोंडावर, नक्षीवर, रिमच्या कडेला. खिळा दिसला तर तिथल्या तिथे उपटू नका.

(गाडी रस्त्याला लागते.)

हवा भरली तरी दिवा लागलेलाच? उभ्या गाडीत सेन्सर बॅटरी वाचवत झोपतो. चाक फिरू लागलं की जागा होतो आणि नवा दाब कळवतो. थोडे किलोमीटर जाऊ द्या.

(पिवळा आकार विझतो.)