हिशेबात न बसणारे पाणी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पश्चिम बाजूला, क्रेस्टेड ब्यूट या छोट्या गावाच्या वरच्या अंगाला ईस्ट रिव्हर उगम पावते. या माहितीपटात पडद्यावर दिसणारे तिचे पात्र एखाद्या ओढ्याएवढेच आहे. पुढे आल्मंट येथे ती टेलर नदीला मिळते, त्या संगमापासून गनिसन नदी सुरू होते आणि गनिसन ग्रँड जंक्शनपाशी कोलोरॅडो नदीला जाऊन मिळते. सुमारे ४ कोटी लोक आणि लक्षावधी हेक्टर शेती ज्या कोलोरॅडोवर अवलंबून आहे, तिचे बहुतांश पाणी अशाच डोंगरमाथ्यांवरच्या हिमातून येते. १९२२ साली सात राज्यांनी करार करून या नदीच्या पाण्याची वाटणी केली. तेव्हापासून दर वसंतात त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांपासून महानगरांपर्यंत सर्वांचा प्रश्न एकच असतो, की यंदा किती पाणी येणार?

२०२१ च्या एप्रिलमध्ये डोंगरांवरचा हिमसाठा सरासरीपेक्षा फारसा कमी नव्हता. हिम वितळल्यावर मात्र कोलोरॅडो नदीवरच्या लेक पॉवेल जलाशयात सरासरीच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी पाणी आले, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या केंद्र सरकारला खालच्या खोऱ्यासाठी इतिहासात प्रथमच अधिकृत पाणीटंचाई जाहीर करावी लागली. हिशेब चुकण्याचे हे पहिलेच वर्ष नव्हते. २००० नंतर हिमसाठ्यावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा नदीत कमी पाणी येण्याचा अनुभव वारंवार येत होता.

पडलेले हिम डोळ्यांना दिसते, वितळतानाही दिसते. मग ते नदीपर्यंत का पोहोचत नाही? वातावरणशास्त्रज्ञांचा संशय संप्लवनावर होता, म्हणजे हिमाचे पाणी न होता थेट वाफ होऊन वाऱ्याबरोबर उडून जाण्यावर. मृदाशास्त्रज्ञ आदल्या शरद ऋतूत कोरड्या पडलेल्या मातीकडे बोट दाखवत होते, वनस्पतिशास्त्रज्ञ मुळांनी ओढून घेतलेल्या पाण्याकडे आणि भूशास्त्रज्ञ खडकाच्या भेगांकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते आणि प्रत्येकाकडे त्याच्या विषयापुरती मोजमापेही होती. पण ती वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या वर्षांची होती, आणि अशा आकड्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

ही अडचण ओळखून लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१६ पासून ईस्ट रिव्हर आणि तिच्या शेजारचे मिळून सुमारे ३०० चौरस किलोमीटरचे क्षेत्र निवडले आणि तिथे सर्व शाखांच्या संशोधकांना एकत्र आणले. जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. खाणकामगार सोडून गेलेल्या गॉथिक या ओसाड गावात १९२८ पासून रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी उभी आहे, आणि तिथे फुले, फुलपाखरे, खारीच्या कुळातील मार्मट प्राणी यांच्या नोंदी अनेक दशके होत आल्या आहेत.

याच गॉथिकमध्ये बिली बार हे गृहस्थ १९७० च्या दशकाच्या आरंभापासून हिवाळ्यातही राहत आले आहेत. रोज किती हिम पडले, एकूण थर किती झाला, त्यात पाणी किती, कोणता पक्षी आज प्रथम दिसला, हे सारे ते वहीत लिहीत गेले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या कुतूहलापोटी. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड इनोये यांनी या नोंदी आपल्या संशोधनाशी जोडल्या. मार्मट पूर्वीपेक्षा लवकर शीतनिद्रेतून बाहेर येऊ लागले आहेत, असे दाखवणारा त्यांचा २००० सालचा शोधनिबंध या दोघांच्याही नावावर आहे. प्रचंड प्रमाणावरील माहितीची चर्चा करताना उपग्रह आणि महासंगणक यांचेच नाव घेतले जाते. पण जिथे इतक्या जुन्या आणि सलग नोंदी नसतात, तिथे नव्या उपकरणांनी मोजलेले एखादे वर्ष नेहमीसारखे आहे की वेगळे, हे ठरवणेच अवघड होते.

आता हे विमान पाहा. ते लेसर किरण सोडत डोंगरांवरून जाते आणि उन्हाळ्यातल्या उघड्या जमिनीच्या नकाशाशी तुलना करून दर काही मीटरवर हिमाची खोली किती आहे ते सांगते. एका उड्डाणात संपूर्ण खोरे मोजून होते. परंतु खोली म्हणजे पाणी नव्हे. ताज्या भुसभुशीत हिमाची घनता पाण्याच्या एक दशांशाच्या आसपास असते, तर वसंतात दबलेल्या हिमाची तीन ते चार दशांश. म्हणून विमान वर असताना खाली काही माणसे फावडी घेऊन जमिनीपर्यंत खड्डा खणतात, खड्ड्याच्या उभ्या भिंतीतून ठराविक आकारमानाच्या धातूच्या पात्राने थराथरातले हिम कापून काढतात, त्याचे वजन करतात आणि प्रत्येक थराचे तापमान लिहून घेतात. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या विद्युतचुंबकीय उपकरणाने जमिनीखालच्या मॅन्कॉस शेल खडकाची रचना टिपली गेली. २०१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या एका विमानाने झाडाझुडपांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे शेकडो पट्टे नोंदवले, आणि त्याच दिवसांत खाली पाने तोडून त्यांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले.

इथून पुढचे काम कॅमेऱ्यात फारसे दिसत नाही, पण सर्वांत जिकिरीचे तेच आहे. एका शाखेची उपकरणे स्थानिक वेळ नोंदवतात, दुसऱ्या शाखेची जागतिक प्रमाणवेळ, आणि कोलोरॅडोत या दोन्हींत हिवाळ्यात ७ तासांचा फरक असतो. हिम दुपारी सर्वाधिक वितळते आणि त्याचे पाणी काही तासांनी नदीत पोहोचते. हा प्रवास समजून घ्यायचा, तर ७ तासांची चूक सारा निष्कर्ष फिरवू शकते. त्यामुळे वेळ कशी लिहायची, एका विहिरीला सर्वांनी एकच ओळखक्रमांक कसा द्यायचा, मोजलेच नाही आणि मोजले तेव्हा शून्य आले हा भेद कसा दाखवायचा, यावर भूशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ यांना एकत्र बसून संकेत ठरवावे लागतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने अशा माहितीसाठी ईएसएस-डाइव्ह हे खुले भांडार उभारले आहे. संकेत ठरवणाऱ्यांची नावे शोधनिबंधांच्या मथळ्याखाली क्वचितच ठळक दिसतात, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे असे आम्हांला मनापासून वाटते.

सप्टेंबर २०२१ मध्ये या सर्वांच्या जोडीला वातावरणशास्त्रज्ञ आले. त्यांच्या ‘सेल’ (SAIL) या मोहिमेतील रडार आणि इतर उपकरणांनी जून २०२३ पर्यंत ढग, हिमवृष्टी, वारा, धूलिकण आणि सूर्यप्रकाश यांची अखंड नोंद ठेवली. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेसिका लुंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी गॉथिकजवळच्या मोकळ्या मैदानात मनोरे उभारले. त्यांवर वेगवेगळ्या उंचीवर बसवलेली उपकरणे हवेच्या वर-खाली होणाऱ्या हालचाली आणि तिच्यातील बाष्प सेकंदाला अनेक वेळा मोजत होती, म्हणजेच हिमातून निसटणारी वाफ जवळजवळ डोळ्यांदेखत धरली जात होती.

संप्लवन होत होते, पण सारी तूट त्याच्या माथी मारता येईल इतके ते मोठे निघाले नाही. एका संशयिताला मुख्य आरोपातून मुक्त करणे हीदेखील मोठी प्रगती होती, कारण त्यानंतर याच गटातील डॅनियल होगन यांनी लुंडक्विस्ट यांच्यासह आपले लक्ष हिवाळ्याकडून वसंताकडे वळवले. कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यातील २६ उगम-पाणलोटांच्या १९६४ पासूनच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, २००० नंतर प्रवाहात आलेल्या तुटीपैकी जवळजवळ ७० टक्के वाटा वसंतातील पाऊस कमी झाल्याचा आहे. पाऊस नाही म्हणजे ढग नाहीत, ढग नाहीत म्हणजे ऊन जास्त, आणि लख्ख उन्हात वाढीला लागलेली झाडे व गवत पावसाऐवजी हिमाच्या वितळत्या पाण्यावर तहान भागवतात. पाऊस तर कमी पडतोच, शिवाय हिमाचे जे पाणी नदीला मिळायचे तेही वाटेतच बाष्पोत्सर्जनाने हवेत जाते. एप्रिलच्या आरंभी केवळ हिमसाठा पाहून वर्तवलेला अंदाज का फसत होता, हे यातून उलगडते. त्या अंदाजानंतरच्या आठवड्यांतला पाऊस हिशेबात धरलेलाच नव्हता.

तरीही खडकाचा प्रश्न शिल्लक राहतोच. डेझर्ट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या रोझमेरी कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईस्ट रिव्हरच्या संगणकीय प्रतिमानात तापमान ४ अंश सेल्सिअसने वाढवून पाहिले. उष्ण हवेत वनस्पतींकडून आणि मातीतून अधिक पाणी निघून जाते, त्यामुळे खडकात मुरणारे पाणी घटते. त्या प्रतिमानात पहिल्याच तीव्र कोरड्या काळानंतर भूजलाचा साठा ज्ञात नीचांकापर्यंत उतरला आणि पुढे अनेक ओली वर्षे येऊनही तो भरून निघाला नाही. अवर्षणात नदीला आधार देणारे भूजलच असे आटले, तर एका वाईट वर्षाचा भार पुढच्या चांगल्या वर्षांवर पडतो.

कोलोरॅडोच्या जलाशयांतून टंचाईच्या काळात पाणी कसे सोडायचे, याचे २००७ साली ठरलेले नियम २०२६ च्या अखेरपर्यंतच लागू आहेत, आणि पुढच्या नियमांसाठी राज्यांना हिमसाठ्याच्या एका आकड्यापेक्षा अधिक काही हाती असावे लागणार आहे. ईस्ट रिव्हरच्या उतारांवर खोदलेल्या निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी, एप्रिल-मेमधील पाऊस आणि कुरणातील मातीचा ओलावा हे तिन्ही आकडे आता हिमाच्या खोलीइतक्याच काळजीने त्या हिशेबात धरावे लागतील.