आठ झटके आणि एक जुनं औषध

श्रोतेहो, नमस्कार.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, केमो होते, रेडिएशन होतं. दोन-तीन वर्षं बरी जातात. आणि मग कधीकधी त्याच जागी, छातीच्या कातडीवर, लहान लहान गाठी उठायला लागतात. आधी लालसर, मग जांभळट. काही फुटतात, पाझरत राहतात, त्यांना वास येतो. ड्रेसिंग दिवसातून दोनदा बदलावं लागतं, घरात उदबत्ती विझू देत नाहीत, आणि नातवाला मांडीवर घ्यायला ती बाई कचरते. सर्जन सांगतो, आता कापायला कातडी उरलेली नाही. रेडिएशनवाले सांगतात, त्या जागेचा डोस देऊन झालाय. या गाठी लगेच जीव घेत नाहीत, पण जगणं नकोसं करतात. आज विजेच्या ज्या वापराबद्दल बोलायचं आहे, त्याची पहिली खरी गरज तिथे आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी विद्युत अभियांत्रिकी शिकवली, त्यातही उच्चदाबाचा विषय. कुठलं इन्सुलेशन किती व्होल्टला फुटतं, हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे जिवंत पेशीचं आवरणसुद्धा एक इन्सुलेशनच आहे आणि तेही विजेने फोडता येतं, हे कळल्यावर मला या विषयाचा नाद लागला.

गोष्ट सुरू होते एका औषधापासून. ब्लिओमायसिन. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी 1960च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळवलं. आजही हॉजकिन्स लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये आणि वृषणाच्या कॅन्सरमध्ये ते देतात. जुनं आहे, तुलनेनं स्वस्त आहे. पेशीच्या आत पोचलं की ते डीएनएचे अक्षरशः तुकडे करतं. अडचण आत पोचण्याचीच. पेशीचं आवरण असतं स्निग्ध पदार्थाचं, आणि हा रेणू चांगला मोठा, शिवाय पाण्यात विरघळणारा. अळवावरच्या पाण्यासारखा तो बाहेरच्या बाहेर ओघळून जातो. जेमतेम थोडासा आत शिरतो. डोस वाढवत न्यावा, तर फुप्फुसं कडक व्हायला लागतात. या औषधाचा तो प्रसिद्ध दुष्परिणाम आहे.

आता थोडा हिशेब करू, कंटाळू नका. पेशीचं आवरण साधारण पाच नॅनोमीटर जाडीचं. पेशीची त्रिज्या धरा दहा मायक्रोमीटर. अशा पेशीवर बाहेरून दर सेंटिमीटरला 1000 व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र लावलं, तर आवरणाच्या दोन बाजूंमध्ये दीड व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. दीड व्होल्ट म्हणजे घड्याळातल्या सेलएवढा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाच नॅनोमीटरवर नुसता एक व्होल्ट म्हणजे दर मिलिमीटरला दोन लाख व्होल्ट होतात! हवा तीन हजारालाच फुटते आणि ठिणगी पडते. माझ्या प्रयोगशाळेतलं कुठलंही नेहमीचं इन्सुलेशन एवढा ताण सोसणार नाही. पेशीचं आवरणही सोसत नाही. त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. गंमत पुढेच आहे. काचेचं किंवा पोर्सेलिनचं इन्सुलेशन एकदा फुटलं की भंगारात जातं. हे आवरण मात्र, झटका बेताचा असेल तर, काही मिनिटांत आपलं आपण सांधलं जातं. तेवढ्या मिनिटांत बाहेरचं औषध आत गेलेलं असतं. या प्रकाराला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात.

जर्मनीत एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी 1982 साली याच युक्तीने उंदराच्या पेशींमध्ये जनुक घातलं. तेव्हापासून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये हे नेहमीचंच काम होऊन बसलं. औषध आत घालण्याचा विचार पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये आणि फ्रान्समध्ये झाला. पॅरिसजवळ व्हिलज्विफ इथे गुस्ताव रूसी ही कॅन्सर संस्था आहे. तिथल्या लुई मीर यांच्या गटाने ब्लिओमायसिन आणि विजेचे पल्स, म्हणजे क्षणभराचे झटके, यांची जोडी जमवली आणि 1991 साली पहिल्या रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ब्लिओमायसिनचा मारा या जोडीमुळे शेकडो पटींनी वाढतो. सिसप्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचाही वाढतो, पण कमी, कारण ते मुळातच थोडं आत शिरू शकतं. या उपचाराचं नाव इलेक्ट्रोकेमोथेरपी.

प्रत्यक्षात होतं काय, ते बघा. रुग्णाला भूल देतात. गाठी थोड्या असतील तर तेवढ्या जागेपुरती, जास्त असतील तर पूर्ण. शिरेतून ब्लिओमायसिन देतात. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला 15,000 युनिट. केमोच्या पूर्ण कोर्समध्ये जेवढं जातं, त्या मानाने हे फारच थोडं. मग आठ मिनिटं थांबायचं, औषध रक्तातून गाठीपर्यंत पसरू द्यायचं. आठव्या मिनिटापासून अठ्ठाविसाव्या मिनिटापर्यंतचा वेळ आपला. तेवढ्यात सगळ्या गाठींवर काम उरकायचं. डॉक्टरच्या हातात एक मूठ असते, तिच्या टोकाला सुयांची रांग किंवा दोन धातूच्या पट्ट्या. ती गाठीवर टेकवायची, पायाने पेडल दाबायचं. आठ पल्स जातात, प्रत्येक पल्स 100 मायक्रोसेकंदांचा. म्हणजे आठही पल्स मिळून वीज वाहते ती एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. त्यामुळे काही भाजत नाही, जळत नाही.

पण स्नायू आखडतो, तो काही चुकत नाही. सुरुवातीला हे पल्स सेकंदाला एक असे देत. म्हणजे रुग्णाला आठ वेगवेगळे हिसके. मग कोणीतरी शहाणपणा केला, आणि ते सेकंदाला पाच हजार या वेगाने सोडायला सुरुवात झाली. आता आठही पल्स दोन मिलिसेकंदांच्या आत संपतात, आणि स्नायूला जाणवतो एकच हिसका. औषधाचा परिणाम तेवढाच राहिला, रुग्णाचा त्रास बराच कमी झाला. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सर्वांत चांगली इंजिनिअरिंग हीच.

आणखी एक फायदा आधी कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पल्स दिल्यावर गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला रक्तप्रवाह काही काळ मंदावतो. म्हणजे आत गेलेलं औषध तिथेच अडकून पडतं. शिवाय रक्तस्राव होणारी गाठ असेल तर तोही थांबतो. रोज रक्ताने भिजलेला कापूस बदलणाऱ्या घराला हे किती मोठं आहे, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

2006 साली युरोपातल्या चार केंद्रांनी, फ्रान्समधलं व्हिलज्विफ, स्लोव्हेनियातलं लुब्लियाना, डेन्मार्कमधलं कोपनहेगन आणि आयर्लंडमधलं कॉर्क, मिळून एक ठरावीक पद्धत घालून दिली आणि आकडे मांडले. उपचार केलेल्या गाठींपैकी सुमारे 85 टक्के गाठी लहान झाल्या किंवा गेल्या. जवळपास 74 टक्के पूर्ण नाहीशा झाल्या. मूळ कॅन्सर कुठला, याने फारसा फरक पडला नाही. 2013 साली कुठला उपचार द्यावा हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही कातडीवरच्या अशा गाठींसाठी या उपचाराबद्दल मार्गदर्शन काढलं.

आता दुसरी बाजू. हे आकडे गाठींचे आहेत, माणसांचे नाहीत. गाठ गेली म्हणजे कॅन्सर गेला असं नव्हे. हाडात, यकृतात, फुप्फुसात जे पसरलंय त्याला हा उपचार हात लावत नाही. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठींमध्ये यश कमी मिळतं. छातीवर पेसमेकर असेल, फुप्फुसं किंवा मूत्रपिंडं आधीच खराब असतील, तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. जागा खपली धरून भरून यायला काही आठवडे लागतात, काळसर डाग राहतात. तरीही बहुतेकदा एका बैठकीत होणारा, लागलाच तर पुन्हा करता येणारा, केस न घालवणारा असा हा उपचार आहे.

मग तो गावोगाव का नाही? माझं मत सांगते. औषध जुनं, त्याच्यावर कोणाची मक्तेदारी नाही, त्यामुळे त्याचा डंका पिटायला कोणी पुढे येत नाही. यंत्र आणि एकदाच वापरायच्या सुया मात्र महाग. आणि ज्या रुग्णांना याचा उपयोग, ते बरे होणाऱ्यांच्या यादीतून आधीच बाहेर पडलेले असतात. त्यांच्या वासाची, त्यांच्या लाजेची नोंद कुठल्या तक्त्यात होत नाही.

कोपनहेगनमध्ये युली गेल यांच्या गटाने खर्चाचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवायला घेतला. ब्लिओमायसिनऐवजी त्यांनी वापरलं कॅल्शियम. होय, साधं कॅल्शियम, जे प्रत्येक दवाखान्याच्या कपाटात इंजेक्शनच्या रूपात असतं. पेशीच्या आत कॅल्शियम फार थोडं असतं. छिद्रांतून ते एकदम आत घुसलं की पेशी ते बाहेर काढण्यात आपली सगळी ऊर्जा घालवून बसते आणि मरते. 2018 साली एका लहानशा चाचणीत कॅल्शियम ब्लिओमायसिनच्या फार मागे पडलं नाही. चाचणी लहान होती हे विसरायचं नाही, पण आपल्यासारख्या देशाने डोळा ठेवावा अशी ही वाट आहे.

झटका बेताचा ठेवला नाही, तर? छिद्रं बुजत नाहीत आणि पेशी औषधाशिवायच मरते. 2005 साली राफाएल दावालोस, लुई मीर आणि बोरिस रुबिन्स्की यांनी हाच उपचार म्हणून मांडला. याची चाचपणी करायला संशोधक बटाटा वापरतात. कच्च्या बटाट्यात दोन सुया खुपसायच्या, पल्स द्यायचे आणि काही तास वाट बघायची. जिथे पेशी फुटल्या तेवढाच भाग काळा पडतो, चिरून ठेवलेला बटाटा पडतो त्याच कारणाने. सुयांभोवतीचा तो काळा आकार मोजला की विद्युतक्षेत्र कुठवर पोचलं ते समजतं. माणसाच्या शरीरात याचा फायदा असा, की पेशी मरतात पण रक्तवाहिन्यांचा सांगाडा टिकतो. म्हणून मोठ्या वाहिन्यांना चिकटलेल्या यकृतातल्या गाठी, प्रोस्टेट, स्वादुपिंड इथे ही पद्धत वापरून पाहतात. इथे पूर्ण भूल लागते, स्नायू शिथिल करणारं औषध लागतं, आणि प्रत्येक पल्स हृदयाच्या ठोक्याशी जुळवून सोडावा लागतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये फायदा नेमका किती, यावरचा वाद मिटलेला नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर मात्र हेच तंत्र झपाट्याने पुढे गेलं. अमेरिकेच्या एफडीएने त्यासाठीच्या पहिल्या यंत्राला 2023च्या डिसेंबरात मंजुरी दिली.

इथे एक सावधगिरीचा शब्द. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात राजी सुंदरराजन आणि त्यांचे सहकारी ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या स्तनकॅन्सरवर काम करतात. या प्रकारात हॉर्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, आणि भारतीय स्त्रियांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं. त्यांनी अशा पेशींवर विजेचे पल्स आणि हळदीतलं करक्युमिन एकत्र वापरून पाहिलं, आणि नुसत्या करक्युमिनपेक्षा जास्त पेशी मेल्या. बातमी उत्तम. पण हे काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचं काम आहे. त्यावरून कोणी हळदीचं दूध पिऊन बॅटरीचा पट्टा बांधायला सांगितलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मंगल कार्यालयात प्रदर्शन लावून विकतात त्या विजेच्या गाद्यांचा आणि या उपचाराचा काडीचा संबंध नाही. तुमच्या घरी कातडीवरच्या गाठींचा रुग्ण असेल, तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला इलेक्ट्रोकेमोथेरपीबद्दल थेट विचारा, जवळच्या कुठल्या केंद्रात ती होते का, आणि आपल्या रुग्णाला ती चालेल का.

शेवटी कॅन्सरच्या थोडं बाहेर जाते. गडचिरोली, नंदुरबार, नागपूर भागातल्या श्रोत्यांना सिकल सेल हा रक्ताचा वंशागत आजार काय ते मी सांगायला नको. 2023च्या नोव्हेंबरात ब्रिटनने त्यावरच्या एका जनुकीय उपचाराला परवानगी दिली, नाव कॅसजेव्ही. रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात क्रिस्पर ही जनुक कापणारी कात्री घालतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. ती कात्री पेशीत जाते ती याच विजेच्या झटक्याने. अमेरिकेत या उपचाराची किंमत आहे 22 लाख डॉलर. त्यात विजेचा वाटा पैशापुरताही नसेल. किंमत आहे ती बाकीच्या सगळ्याची, पेटंटची, कारखान्याची, आणि महिना-महिना इस्पितळात राहण्याची. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत सिकल सेलसाठी आपलं स्वतःचं क्रिस्पर तंत्र तयार करण्याचं काम चालू आहे, ते ही किंमत खाली आणण्यासाठीच.

नमस्कार.